पाहणीचा शेरा

अठ्ठावन्न सालचा मे महिना होता. सदानंदाच्या घराची पश्चिमेकडची पडवी त्या दिवशी उतरवायला घेतली होती. वाळवीनं खाल्लेले वासे, फुटकी कौलं, मातीच्या भिंतींची ढेकळं आणि जुने चिरे यांचा अंगणात ढीग पडला होता. सदानंदाची आई, जिला सारा गाव अक्का म्हणे, ती तुळशीवर धूळ उडते म्हणून सकाळपासून गड्यांच्या नावानं खडे फोडत होती.

गाडीवान बाबलीनं बैल जुंपले आणि सदानंदाला विचारलं, "सायबानू, ह्या सगळा खंय टाकू?"

"व्हाळापलीकडे, म्युनसिपालटीच्या जाग्यार. तुका काय नवीन सांगूक व्हया?"

"आणि आदी ती पायरी ने," अक्का ओट्यावरून ओरडली. "तडाकलेली पायरी दारात नको माका. अपशकुन तो!"

पडवीची ती काळ्या दगडाची पायरी मधोमध तडकली होती. चौघांनी ती गाडीत चढवली आणि बैल व्हाळाच्या, म्हणजे गावच्या ओढ्याच्या, वाटेला लागले.

बाबलीला नवीन सांगायला नकोच होतं. सदानंद गावच्या नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होता आणि कचरा टाकायची जागा त्यानंच सहा महिन्यांपूर्वी ठरवून दिली होती. मासळीबाजाराची घाण, खानावळींची राख, पडक्या घरांचा राडा, सगळं तिथं जाई. गाव कसा लख्ख झाला म्हणून लोक सदानंदाची पाठ थोपटत.

ती जागा त्यानं कशी ठरवली, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. पाहणीच्या दिवशी त्याच्या घरी सत्यनारायण होता. व्हाळापलीकडे खालची वाडी. कागदावर हरिजनवाडी म्हणत, तोंडानं काय म्हणत ते लिहायला नको. तिथं पाय ठेवला की परत येऊन आंघोळ आली, अक्काची बोलणी आली, आणि पूजेला उशीर. तेव्हा सदानंद सडकेवरच्या फणसाखाली उभा राहिला, व्हाळाच्या पलीकडे नजर टाकली आणि मनाशी म्हणाला, इथून दिसतंय की सगळं. दिसत होती ती झुडपं आणि उतार. माणसं उताराच्या खाली राहत होती, ती दिसणार कुठून? त्यानं तिथंच कागदावर लिहिलं, 'जागा प्रत्यक्ष पाहिली. पड व निरुपयोगी. वस्तीस उपद्रव नाही.'

सदानंद वाईट माणूस नव्हता. वाचनालयात त्यानं अस्पृश्यता निवारणावर भाषण ठोकलं होतं आणि टाळ्याही घेतल्या होत्या. पण ते वाचनालय व्हाळाच्या अलीकडे होतं, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांची सुधारणा तिथवरच जाते.

पडवीचा राडा वाहून आठवडा झाला असेल, खालच्या वाडीतली तुळसा अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. पायरी आता नव्हती, तरी ती जिथं होती तिथून चार हात अलीकडेच तुळसा थांबली. इतक्या वर्षांची सवय.

"सायबानू, आमचो झरो बुजता. गाड्यांतली घाण उताराक लागली आसा. ते गाडे जरा पलीकडे न्हेवक सांगा."

सदानंद वर्तमानपत्र वाचत होता. "अगो, माझ्या एकट्याच्या हातात काय आसा? हापिसात अर्ज दी. लेखी."

"लिवतला कोण?"

"तुझा चेडू शाळेत जाता मा? ता लिवतला."

दोन दिवसांत तुळसेच्या मुलीचा अर्ज आला. वहीचं दुरेघी पान, वळणदार अक्षर. 'इन्स्पेक्टर साहेब यांस. आमच्या झऱ्यात खापऱ्या आणि माशाचे काटे येतात. पाणी हिरवे झाले आहे. वरच्या विहिरीवर आम्हाला येऊ देत नाहीत. तरी आपण एकदा येऊन बघावे. आपली नम्र, शेवंती, इयत्ता चौथी.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. सदानंदाला कौतुक वाटलं. हेडक्लार्क गुरुदासांना त्यानं तो कागद हौसेनं दाखवलासुद्धा. आणि मग खाली शेरा मारला, 'स्थळाची पाहणी पूर्वीच झाली आहे. अर्ज दप्तरी दाखल. ३-६-५८.' एकदा येऊन बघावे, एवढंच त्या मुलीनं मागितलं होतं.

पावसाळ्यात ढीग सुटला आणि उतारावरून खाली आला. वाडीतल्या बायका चिखलात खळगे करून झिरपेल ते पाणी फडक्यातून गाळून भरू लागल्या. जुलैत वाडीत तापाची साथ आली.

जन्म-मृत्यूची नोंदही सदानंदाकडेच होती. तेवीस जुलैला दवाखान्यातून चिठ्ठी आली. त्यानं सवयीनं टाक बुडवला आणि लिहायला लागला, 'शेवंती, वय अकरा, विषमज्वर.' विषमज्वर लिहून झालं आणि त्याचा हात थांबला. ते नाव त्यानं कुठं वाचलं होतं ते त्याला आठवलं.

तो तसाच उठला. छत्री घ्यायचंही भान राहिलं नाही. फणसापाशी आला आणि या वेळी थांबला नाही. व्हाळात पाणी गुडघाभर होतं. पलीकडे उतार संपेपर्यंत चाळीस पावलं झाली, त्यानं ती मोजली. चाळीस पावलांसाठी एका लेकराचा जीव गेला होता.

तुळसेचा दीर सत्यवान चिऱ्यांच्या खाणीवर कामाला होता. तो राड्यात फावडं मारत होता. त्यानं मान वर केली आणि पुन्हा फावडं मारू लागला. सदानंदानं खाली पाहिलं. झऱ्याच्या तोंडावर काळ्या दगडाची पायरी आडवी पडली होती, मधोमध तडकलेली. तिच्या भोवती त्याच्याच पडवीची कौलं होती. आजवर ज्या पायरीच्या खाली तुळसेनं उभं राहायचं, ती पायरी तिच्या पाण्यावर येऊन बसली होती.

"ही माझ्या घरची," सदानंद कसाबसा म्हणाला.

"ठावक आसा," सत्यवान म्हणाला. "ह्येच्यात टाकाव काय होता, सांगा माका. चिरे बरे आसत, ह्या झऱ्याक कठडो झालो असतो. खापऱ्यो कुटून चुन्यात घालतत. माती माडाक चलता. माशाची घाण खड्ड्यात पुरून वर माती टाकलास तर दोन वर्सांनी सोन्यासारख्या खत. सगळा कामाचा होता, सायबानू. तुमका आमचीच तेवडी किंमत नाय."

तुळसा झोपडीच्या दारात बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

घरी आला तेव्हा बातमी आधीच पोचली होती, दारात बंब तापत होता. "तू थंय गेलंस? आदी न्हा, मगे घरात ये," अक्का म्हणाली.

"अक्का, आपली पायरी त्यांच्या झऱ्यार पडली. चेडू मेला."

 तो ओल्या पायांनी तसाच आत गेला, आणि अक्कानं त्याला अडवलं नाही. बंबातलं पाणी मात्र ती रात्रीपर्यंत ऊन ठेवून होती.

साथीबद्दल वरून विचारणा आली. गुरुदासांनी उत्तर तयारच ठेवलं होतं. "अतिवृष्टीमुळे ढीग सरकला, पाहणीत दोष नाही. सही करा आणि मोकळे व्हा."

"मी पाहणी केलीच नव्हती."

"ते कुणाला ठाऊक आहे?"

"मला."

गुरुदासांनी चष्मा काढला. "सदानंदराव, नोकरी जाईल. गेलेली पोर काही परत यायची नाही."

सदानंदानं तो कागद बाजूला सारला आणि स्वतःच्या हातानं दुसरा लिहिला. फणसापासून सगळं लिहिलं. खाली सूचनाही जोडली, की पडक्या घरांचे चिरे-कौलं निवडून पुन्हा वापरावीत, ओला कचरा खड्ड्यांत मातीचे थर देऊन कुजवावा, आणि ते खड्डे कचेरीच्या मागच्या आवारात खणावेत.

"कचेरीच्या मागे?" गुरुदास उडालेच. "इथं बसवेल का वासानं?"

"झऱ्यावर येत नव्हता वास?" सदानंदानं विचारलं.

चौथ्या दिवशी त्याच्या हातात निलंबनाचा हुकूम पडला. पाचव्या दिवशी तो बाबलीची गाडी घेऊन व्हाळापलीकडे गेला आणि फावडं उचललं. इन्स्पेक्टरच्या हाताला फोड आले, वरच्या आळीत थट्टा झाली, दोन घरांनी बोलणं सोडलं. पाऊस उघडला की तो आणि सत्यवान निवड करत. धड चिरे एकीकडे, खापऱ्या दुसरीकडे. कुजका भाग खड्ड्यात. पायरी पहारीनं सरकवली तेव्हा खालून गढूळ पाणी फुटलं. त्यांनी झरा उपसला, चुना घातला, तो चार दिवस वाहू दिला. चिऱ्यांचा कठडा उभा राहिला. दहा ऑगस्टला पाणी नितळ आलं.

वाडीतल्या बायका कळश्या घेऊन आल्या, पण कुणी पुढं होईना. तुळसेनं तांब्या भरला आणि सदानंदापुढं धरला.

"आदी तुमी पिया."

सगळे बघत होते. सदानंदानं तांब्या घेतला आणि तळापर्यंत प्यायला.

"बरा आसा?"

"बरा आसा."

"मगे तसा लिवा. तिचो कागद आसा मा तुमच्याकडे?"

कागद त्याच्या खिशातच होता. कचेरीतून निघताना दप्तरातून काढून आणलेली तेवढी एकच वस्तू. आपल्या जुन्या शेऱ्याखाली उरलेल्या दोन बोटं जागेत, कठड्यावर कागद ठेवून, त्यानं लिहिलं आणि तारीख घातली. दोन तारखांमध्ये अडुसष्ट दिवस होते.

"काय लिवलास?" तुळसेनं विचारलं.

त्यानं वाचून दाखवलं. "येऊन पाहिले. अर्जदाराचे म्हणणे खरे होते. पाणी आता पिऊन पाहिले, चांगले आहे."

तुळसेनं कळशी भरून कमरेवर घेतली. दोन पावलं गेली आणि वळली.

"ह्या आता तिका कोण वाचून दाखयतला?"