पूर्ण एक मिनिट

“अकरा नंबर, बारा नंबर, चला आत. पाच पेशंट, पंधरा मिनिटं. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब. कागदावर लिहायचं आणि माझ्या हातात द्यायचं. आणि जरा हळू हात लावा, पेशंट खरे आहेत, कॉलेजातल्या बाहुल्या नाहीत.”

वॉर्डच्या सिस्टरनी एका दमात एवढं सांगून भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

बारा नंबर म्हणजे ती. सकाळपासून सगळे तिला याच नावानं हाक मारत होते. चौदा मुली आल्या होत्या आणि जागा दोन. जाहिरातीत ‘अनुभव नसल्यास चालेल’ असं छापलेलं होतं. नर्सिंगची परीक्षा पास होऊन एकोणीस महिने झाले होते आणि एवढ्या काळात हे वाक्य तिला पहिल्यांदाच वाचायला मिळालं होतं. ती जाहिरात बाबांनी त्यांच्या कापडाच्या मोठ्या कात्रीनं कापून ठेवली होती. चारी कडा सरळ होत्या. बाबा शिंपी होते, त्यांच्या हातून वाकडं काही कापलंच जात नसे.

अकरा नंबरची मुलगी तिच्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी आणि हसरी होती. एका लहान दवाखान्यात तिनं दोन वर्षं काढली होती. पहिल्या खाटेकडे जाताजाता तिनं बारा नंबरला कोपरानं ढोसलं.

“श्वासापाशी वेळ घालवू नकोस गं. वीस लिहून मोकळी हो. सगळ्यांचा वीसच असतो.”

“सगळ्यांचा कसा असेल?”

“अगं, कागदावर असतो. मी तर एकदा मेलेल्या माणसाचा वीस लिहिलेला बघितलाय.” आणि स्वतःच फिसकन हसून ती पुढच्या खाटेकडे गेली.

बारा नंबरनं पहिल्या पेशंटचं मनगट हातात घेतलं. नाडी एक मिनिट मोजली. पण बोटं उचलली नाहीत. श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नसतं. कळलं की त्याचा श्वास बदलतो, त्याला नको असलं तरी बदलतो. म्हणून मनगट धरूनच ठेवायचं, नाडीच मोजतोय असं भासवायचं, आणि नजर अलगद छातीवर न्यायची. पूर्ण एक मिनिट. श्वास सारखे पडतीलच असं नसतं, त्यामुळे पाव मिनिट मोजून गुणाकार केला तर चुकू शकतं. पहिल्या वर्षी हे शिकवलं, त्याच दिवशी घरी जाऊन तिनं बाबांवर प्रयोग केला होता. तेव्हापासून ते मिनिट तिच्या अंगात मुरलं होतं.

तिसऱ्या खाटेवर एक आजी होत्या. नीट टेकून बसलेल्या, केस विंचरलेले. “माझं काही नाही गं पोरी, बरं आहे,” असं त्या आपणहून म्हणाल्या. तिनं मनगट धरलं आणि आजींच्या गळ्याखालच्या खळग्याकडे पाहिलं. तो खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. बत्तीस. ती उठून सिस्टरकडे गेली.

“सिस्टर, तीन नंबरच्या आजींचा श्वास बत्तीस आहे.”

“सकाळी वीस लिहिलाय.”

“आत्ता बत्तीस आहे.”

सिस्टरनी तिच्याकडे, मग घड्याळाकडे पाहिलं. “तुझी पाच मिनिटं राहिलीत, बारा नंबर. बघते मी.” आणि त्या बघायला गेल्या, हेही खरं.

वेळ संपली तेव्हा तिच्या कागदावर तीन ओळी पूर्ण होत्या आणि चौथी अर्धी. अकरा नंबरनं पाचही ओळी भरून कागद केव्हाच दिला होता.

साडेतीनला मेट्रनबाईंनी एकेकीला खोलीत बोलावलं. मेट्रनबाई उंच होत्या आणि त्यांच्या पायाला सूज होती. टेबलाखाली त्यांनी बूट काढून ठेवले होते. त्यांनी तिची फाइल चाळली. गुण चांगले होते. नोंदणीचा कागद होता.

“पास झाल्यापासून काय केलंस?”

“अर्ज केले. आणि बाबांना सांभाळलं. त्यांना फुप्फुसांचा आजार आहे.”

“घरचं अनुभवात धरत नाहीत.”

“माहीत आहे, मॅडम.”

मेट्रनबाईंनी सगळ्या मुलींचे कागद पत्त्यांसारखे पसरले. तिसऱ्या खाटेपुढे, श्वासाच्या रकान्यात, तेरा कागदांवर अठरा, वीस, वीस, वीस असं लिहिलेलं होतं.

“आजींना वरच्या मजल्यावर हलवलंय. ऑक्सिजन लावलाय,” त्या म्हणाल्या. “तू मोजलंस. या बाकीच्यांनी लिहिलं. मला कळत नाही असं नाही.”

तिनं पसरलेल्या कागदांत आपला कागद पाहिला.

“पण माझ्या वॉर्डात अडतीस पेशंट आहेत आणि एका पाळीला दोन मुली. तुझ्या हिशोबानं नुसता श्वास मोजायला अडतीस मिनिटं लागतील. मग सुया कोण देणार, सलाइन कोण बदलणार? मलाही मोजायचं असायचं पूर्वी.” त्यांनी टेबलाखालचे बूट पायानं सरळ केले. “कुठे पूर्ण मिनिट द्यायचं आणि कुठे नाही, हे ज्या मुलीला बघताक्षणी कळतं ती मला हवी. ते अनुभवानं येतं.”

“अनुभव कुठे मिळतो, मॅडम?”

हे तिनं उर्मटपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच हवा असलेला पत्ता विचारावा तसं विचारलं. मेट्रनबाईंनी कागद गोळा केले, त्यांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि म्हणाल्या, “पुढच्या वर्षी परत अर्ज कर.”

बाहेर फळ्यावर दोन नंबर लिहिले होते, चार आणि अकरा. अकरा नंबर तिला शोधत आली. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. हिनं दोन घोट घेतले.

“तुझा बत्तीस खरा निघाला म्हणे,” अकरा नंबर म्हणाली.

“हो.”

“मी वीस लिहिला होता.” बाटलीचं झाकण लावत ती म्हणाली, “लागली एकदाची, पण आई शप्पथ, उद्यापासून मला त्या खाटेकडे बघवणार नाही.”

बसमध्ये तिला खिडकीपाशी जागा मिळाली. घरी काय सांगायचं हे ती ठरवत होती. बाबांनी तिचा युनिफॉर्म दीड वर्षापूर्वीच शिवून ठेवला होता. पांढरा, पूर्ण बाह्यांचा, शिवणीत दीड बोट जादा कापड ठेवलेला. “नोकरी लागली की माणूस भरतो,” असं त्यावर स्पष्टीकरण. फक्त बटणं लावली नव्हती. गिऱ्हाईक दारात आलं की शेवटची बटणं लावायची, ही त्यांची तीस वर्षांची रीत. पाच बटणं एका डबीत होती आणि डबी शिलाई मशीनच्या खणात. ती मुलाखतीला निघाली की बाबा डबी हलवून दाखवत, “लावू का?” आणि ती म्हणे, “थांबा, उतावीळ होऊ नका.” आज सकाळी त्यांनी विचारलं नव्हतं. पण हे तिला आत्ता आठवलं.

एकच बरं होतं, बाबांची तब्येत स्थिर होती. गेल्या वर्षी ते नऊ दिवस दवाखान्यात होते आणि त्या नऊ दिवसांत तिची एक मुलाखत हुकली होती. आपण आजारी पडलो नसतो तर ती नोकरी हातची गेली नसती, असं बाबा तिला नाही, पण शेजारच्या काकूंना सांगत. त्यानंतर मात्र रोज संध्याकाळी ती जी वही लिहीत असे, तिच्यात श्वास बावीसच्या वर फारसा गेलाच नव्हता. बावीस, एकवीस, बावीस. नाडी जलद होती, पण ती तोंडातून घ्यायच्या फवाऱ्याच्या औषधानं असते असं डॉक्टर म्हणाले होते. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र मध्येच बंद पडे, म्हणून तिचा भरवसा आपल्या घड्याळावर. ती वही तिनं आज फाइलमध्ये घालून नेली होती. कुणी विचारलं तर दाखवायला. कुणी विचारलं नाही.

ती सातला येणार असं सांगून गेली होती. घराच्या बोळात शिरली तेव्हा पाच वाजायचे होते.

बाबांचं मशीन बोळाच्या खिडकीशी होतं. पडदा अर्धा बाजूला होता. बाबा स्टुलावर बसलेले होते, पण शिवत नव्हते. दोन्ही तळवे मशीनच्या फळीवर रोवलेले, कोपरं ताठ, खांदे कानापर्यंत चढलेले आणि तोंड उघडं. पुस्तकात या बसण्याचं चित्र होतं, एकशे चाळिसाव्या पानावर डाव्या बाजूला. माणसाला हवा पुरेनाशी झाली की तो असा बसतो. कुणी शिकवावं लागत नाही.

तिचा हात आपोआप वर आला. तिनं घड्याळ पाहिलं आणि खिडकीबाहेर उभं राहून मोजलं. पूर्ण एक मिनिट. अडतीस. विश्वास बसेना म्हणून दुसरं मिनिट मोजलं. अडतीस.

आणि मग तिला पहिल्या वर्षातली ती संध्याकाळ सबंध आठवली. तिनं बाबांचं मनगट धरलं होतं, छातीकडे चोरून पाहत सोळा मोजले होते आणि मग न राहवून हसत हसत सगळं सांगून टाकलं होतं. मनगट हे नुसतं निमित्त, खरं मोजायचं ते वेगळंच.

“म्हणजे पेशंटला फसवायचं म्हण की,” बाबा म्हणाले होते.

“फसवायचं नाही हो. कळू द्यायचं नाही.”

“ते एकच.”

वही भरून जे बावीस होते, त्यातला एकही तिनं मोजलेला नव्हता. ती मनगट धरी तेव्हा बाबा श्वास आवरून धरत; ते आकडे त्यांनीच तिला लिहून दिले होते.

तिनं तिथेच उभं राहून दवाखान्याच्या गाडीला फोन केला. पत्ता नीट सांगितला, आजार सांगितला, आकडा सांगितला. मग दाराशी जाऊन कडी मुद्दाम दोनदा वाजवली आणि बुटांचे बंद सोडायला जास्तीचा वेळ घेतला.

आत गेली तेव्हा बाबा भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसले होते. चेहऱ्यावर हसू होतं.

“या, सिस्टरबाई. लवकर सुटका?”

तीन-चार शब्द, की थांबणं. बाबा मोजकंच आणि मिश्किल बोलतात असं तिला वाटत आलं होतं.

मशीनच्या फळीवर तिचा युनिफॉर्म पसरलेला होता. तीन बटणं लावून झाली होती. चौथ्याच्या जागी सुई दोऱ्यासकट टोचलेली होती.

“लावायला घेतलीत?”

“म्हटलं, आज होईल.”

“नाही झालं, बाबा.”

त्यांनी मान हलवली. थोडं थांबले. “कापड काय, नासत नाही.” पुन्हा थांबले. “पोरी किती?”

“चौदा.”

“मग गर्दीच.” आणि त्यांनी शर्टाची बाही मागे सारून मनगट पुढे केलं. “घे. आजचं राहिलंय.”

ती त्यांच्याजवळ बसली. मनगट धरलं. त्वचा गार आणि ओलसर होती. ओठांच्या कडेला निळसर रेघ होती. ती सकाळीही असणार. तिनं नजर छातीवर नेली. छाती शांतपणे वर आली, शांतपणे खाली गेली. मानेची शीर मात्र दोरीसारखी ताणलेली होती. मग तिला दिसलं की बाबांची नजर तिच्या घड्याळावर आहे. दोघंही एकाच सेकंदकाट्याकडे पाहत होते.

पंधरा सेकंद झाले. पाच श्वास आणि सहावा अर्धा. चोख बावीस.

तिनं मनगट सोडलं. “झालं.”

“झालं? इतक्यात?”

“पाव मिनिटच मोजतात आता. चारानं गुणायचं.”

“तू तर... मिनिटभर धरायचीस.”

“अनुभव नव्हता ना.”

ती लगेच उठली आणि पाठ करून कपाटातून त्यांचा स्वेटर काढू लागली. तो हाताशीच होता, तरी शोधत राहिली. मागे बाबांचा श्वास सुटला. एकामागून एक, धावत आल्यासारखा. तिनं तो मोजला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “किती?”

“बावीस.”

“बघ.”

“तरी दवाखान्यात जाऊन येऊ. गाडी येतेय.”

“बावीसला... कशाला?”

ती खाली बसली आणि त्यांच्या चपला पायांसमोर जोडीनं ठेवल्या. “माझ्यासाठी.”

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. त्यांनी एक पाय उचलून पुढे केला आणि तिला चप्पल घालू दिली. मग दुसरा.

“दोन बटणं राहिली,” ते म्हणाले.

“आल्यावर लावा.”

बोळाच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. तिनं वही घेतली, तारीख घातली, आणि उभ्याउभ्याच श्वासाच्या रकान्यात अडतीस लिहिलं. धूळ बसू नये म्हणून युनिफॉर्म फळीवरून उचलून खुंटीला अडकवला. चौथ्या बटणाच्या जागची सुई तिनं काढली नाही. ती दोऱ्यासकट तशीच राहू दिली.