लॉरेन्सचा घसा

विस्थापन

गिळताना अडकायला लागलं तेव्हा लॉरेन्सने आधी बोंबलांना शिव्या घातल्या. मग तांदळाला. मग बायकोला.

"भात आहे की वाळू, रोझलीन?"

भात मऊच होता. कुत्रा मिटक्या मारत खात होता.

नकार

आवाज बसला. केळीवर औषध मारलं म्हणून, असं तो म्हणाला. औषध मारलं होतं पावसाआधी. आता नाताळ आला होता. डॉक्टरचं नाव काढलं की तो उठून वाडीत जाई आणि अंधार पडेपर्यंत घरी येत नसे.

प्रक्षेपण

एका सकाळी तो रोझलीनकडे टक लावून बघत राहिला.

"किती वाळलीस गं तू."

"मी? सगळे ब्लाउज उसवून घेतले मी परवा. होत नाहीत म्हणून."

"लपवू नको. आ कर."

तिने आ केला. तिची हनुवटी धरून तो आत वाकून बघत राहिला.

त्यांची मुलगी कॅरल वसईतल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. मन स्वतःला वाचवायला काय काय करतं, त्याची नावं ती दर वर्षी फळ्यावर लिहिते. ती आईला म्हणाली, "पपांना सगळं कळलंय, मम्मी. फक्त पत्ता चुकलाय. आपण त्याच पत्त्यावर दार उघडू."

"म्हणजे काय करायचं?"

"तू तपासून घे. कॅन्सर निघाला म्हणून सांगू. मग घरातल्या दुसऱ्यालाही तपासावं लागतं म्हणून त्यांना आत पाठवू."

"खोटं बोलायचं?"

"त्यांना वाचवायचं."

रोझलीनने दवाखान्यात घशात दुर्बीण घालून घेतली. घसा स्वच्छ होता. बाहेर बाकावर लॉरेन्स बसला होता. कॅरलने त्याला सांगितलं, "निघाला, पपा."

तो रडला. मग हळूहळू त्याचा चेहरा सैल झाला. कित्येक दिवसांत असा झाला नव्हता.

"आता तुम्ही पण आत जा. डॉक्टर थांबलेत."

"मला आजारी पडून चालेल का आता? हिचं कोण करणार?"

उदात्तीकरण

(झालं नाही.)

याला पुस्तकात नाव नाही

लॉरेन्स पेज शिजवतो. दोनदा गाळतो. रोझलीनला चमच्याने भरवतो. उरलेलं पाणी भिंतीकडे तोंड करून, घोट घोट, स्वतः पितो. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडतो. गिरीज गावातल्या बायका डबे घेऊन येतात, रोझलीनच्या उशाशी बसून रडतात. रोझलीनचं वजन वाढतं.

"सूज आहे," तो त्यांना सांगतो.

शेवटी रोझलीनने रिपोर्ट त्याच्या हातात ठेवला. "मला काही झालेलं नाही हो. आम्ही दोघी खोटं बोललो. तुमच्यासाठी."

त्याने रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला. घडी घातली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"खोटे कागद करून आणलेत. किती जपता गं मला."

"पपा, नीट ऐका..." कॅरल म्हणाली.

"तू लहान आहेस अजून. तुला नाही सोसणार हे."

______

फादर बॅप्टिस्ट आजाऱ्यांना लावायचं पवित्र तेल घेऊन आले. लॉरेन्सनेच बोलावलं होतं. मेणबत्ती त्याच्याच हातात होती. शर्ट त्याच्या खांद्यावर हँगरवर टांगल्यासारखा दिसत होता.

"फादर, आजारी मी नाही. हे आहेत," रोझलीन म्हणाली.

फादरांनी लॉरेन्सकडे पाहिलं. "लॉरेन्स, ये. तू पण बस इथे."

"तिला पटत नाही अजून, फादर." आवाज इतका खोल गेला होता, की ओठांकडे बघून समजून घ्यावं लागलं. "आधी तिला लावा."

फादरांनी तिच्या कपाळावर क्रूस काढला. रोझलीनने ते तेल बोटांनी निपटून घेतलं आणि त्याच्या गळ्याला लावायला गेली, जिथे आता गाठ बाहेरूनही दिसत होती.

त्याने तिचा हात धरला. हळूच परत तिच्या कपाळावर नेला.

"वाया घालवू नको," तो म्हणाला.