बुवांचं जिवंत तीर्थ

"तीर्थ सांडायचं न्हाई, झाकायचं न्हाई. खुराड्यापाशी मडक्यात तसंच ठेवायचं. देवी स्वतः पान्यात उतरंल!"

सहादेवबुवांचा हा हुकूम राजेश्वरीच्या कानात अजून घुमत होता. आणि आज तिच्याच अंगणात पाथर्डीकडची सगळी वस्ती मडक्यावर वाकली होती. पाण्यात काहीतरी बारीक वळवळत होतं.

"देवीचे गण! नाचत्यात बघा!" बुवा गरजले. लोकांनी हात जोडले.

कोंबड्यांच्या तुऱ्यांवर फोड आले, तेव्हा बुवांनीच देवीचा कोप सांगून घरोघर मडकी बसवली होती. दक्षिणा एकेक कोंबडा, तोही निरोगी. बुवांच्या रश्शाला आजारी चालत नसे.

"पर बुवा, फोड तर वाढल्यात," राजेश्वरी हळूच म्हणाली. तिची अंड्यावर बसलेली चंद्री एका डोळ्यानं आंधळी व्हायला आली होती.

"तुजा भाव कमी पडला, बाई."

कधी मंगळवार न चुकवलेल्या राजेश्वरीला ते झोंबलं. देवघरातल्या झाकलेल्या गडूत कसे कधी गण आले नाहीत? तिनं जनावरांच्या डॉक्टर पंकजाताईंना बोलावलं. ताईंनी तीर्थ काचेच्या बरणीत ओतलं, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी सगळ्यांना दिसेल अशी ओट्यावर ठेवली.

आठवडाभरात बरणी गुणगुणू लागली. ताईंनी बुवांना ओट्यापाशी बोलावलं.

"बुवा, तुमच्या गणांना पंख फुटले की!"

"ते... देवीचं वाहन हाय!"

"मग सोडू का तुमच्या सदऱ्यात?"

बुवा चपला विसरून पळाले.

"उघड्या साचल्या पाण्यात डास अंडी घालतात. ही वळवळ म्हणजे त्यांच्या अळ्या," ताई म्हणाल्या. "तेच डास आजारी कोंबडीला चावून निरोगीला चावतात, रोग पसरतो. बुवांनी खुराड्यापाशीच डास पाळायला लावले! निरोगी कोंबड्यांना लस द्या. त्यांचं पाणी रोज बदला, हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी घासून कोरडी करा."

देवीला हात जरूर जोडावेत. पण पाण्यात काय वळवळतंय ते आधी डोळे उघडून बघावं.

राजेश्वरीनं आपलं मडकं तिथंच पालथं केलं. शेजारची रतनबाई मात्र मागं सरली. "मी न्हाई सांडायची. शाप लागंल."

"सकाळी मी येऊन सांडते, रतनाक्का. लागला तर मला लागंल."

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. उपास धरून, पूजा आटोपून राजेश्वरीनं चंद्रीचे डोळे कोमट पाण्यानं पुसले. मग पदर खोचला, मडकं घासायला राख आणि नारळाची शेंडी घेतली आणि रतनबाईच्या अंगणाकडे निघाली.