भुवयांचा होकार

आमच्यात 'हो' म्हणायला तोंड लागत नाही. भुवया किंचित वर उचलल्या की झालं. मार्शल बेटांवर लग्नं अशीच ठरतात, जमिनी अशाच वाटल्या जातात. 'नाही' म्हणायला मात्र तोंड उघडावं लागतं, त्यामुळे आम्ही सहसा कुणाला नाही म्हणत नाही. आमचा बराचसा इतिहास या एका सवयीतून घडला आहे, पण ते असो.

आता आमच्यातले पुष्कळ जण अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये राहतात. इथून कुठल्याही दिशेने निघालं तरी समुद्र लवकर लागत नाही. गाव चालतं कोंबड्यांच्या कारखान्यावर. कोंबडी कापायला इंग्रजी लागत नाही. कोंबडीलाही ते येत नाही. प्रश्न येतो तो मुलांना शाळेत घातल्यावर.

मी इथल्या शाळेत भाषा-सहायक आहे. हवाईच्या कॉलेजातून पदवी घेतली, तिचा उपयोग पेन्सिलींना टोक करताना होतो. नाव घालायला आलेल्या प्रत्येक पालकाला विचारतात, घरी कोणती भाषा बोलता? खरं सांगणारे सापडतात. बुबू अल्मीताने, म्हणजे माझ्या वर्गातल्या नेमोनच्या आजीने, छाती पुढे काढून सांगितलं, "मार्शली. दुसरी कुठली बोलणार?" झालं. बालवाडीपासून नेमोन सरकारदरबारी 'इंग्रजी-शिकाऊ' ठरली. शेजारच्यांनी बिनदिक्कत 'इंग्रजी' असं सांगून टाकलं. त्यांच्या मुलाला कुठल्याच भाषेत धड वाक्य पुरं करता येत नाही, पण तो मजेत ट्रम्पेट वाजवायला शिकतो.

नेमोनचा जन्म याच गावातल्या इस्पितळातला. मैत्रिणींशी ती इंग्रजी अशी बोलते की मला निम्मंच कळतं. पण दर हिवाळ्यात शिकाऊंची परीक्षा होते. वाचन, लेखन, ऐकणं यांत पोरगी पास आणि बोलण्यात नापास. बोलण्यात पास झाल्याशिवाय सुटका नाही. शिकाऊ प्लंबरसुद्धा इतकी वर्षं शिकाऊ राहत नाही.

तिला काय हवं होतं ते साऱ्या शाळेला ठाऊक होतं. समूहगान. पण समूहगानाचा तास आणि माझ्या खोलीतला शिकाऊंचा तास एकाच वेळी. गाण्याची खोली भिंतीपलीकडे. नेमोन भिंतीला लागूनच्या खुर्चीत बसायची आणि डोकं हळूच भिंतीला टेकवायची. मिसेस पेटिग्रू फळ्यावर भूतकाळ शिकवत असायच्या आणि नेमोनचे ओठ पलीकडच्या गाण्याबरोबर हलत असायचे, आवाज न करता.

मिसेस पेटिग्रू बाई चांगल्या. राज्य सरकार दर शिकाऊ डोक्यामागे शाळेला थोडे पैसे देतं. त्यातून त्यांचा अर्धा पगार निघतो, माझा सगळा निघतो आणि उरलेल्यात परीक्षेचे हेडफोन येतात. मुलं पास झाली की डोकी कमी, डोकी कमी की पैसे कमी. आम्ही जितकं चांगलं काम करू तितके लवकर घरी बसू. कुणी पास झालं की मुख्याध्यापक येऊन अभिनंदन करतात. तोंड मयताला आल्यासारखं.

मागच्या साली परीक्षेला देखरेखीची पाळी माझ्यावर आली. नेमोन हेडफोन लावून बसली. पडद्यावरच्या बाईने विचारलं, "तुला वाचनालयात जायला आवडतं का?"

नेमोनने भुवया उचलल्या. नम्रपणे, मोठ्या माणसांसमोर उचलाव्यात तशा.

बाई उत्तराची वाट पाहत राहिली. नेमोनने पुन्हा उचलल्या, या वेळी जरा जास्त. यंत्राने शांतता रेकॉर्ड केली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यालाही तेच उत्तर मिळालं. सविस्तर सांग म्हटल्यावर पोरीने मान खाली घालून दोन शब्द पुटपुटले, कारण थोरांसमोर लांबण लावणं आमच्यात उद्धटपणाचं. देखरेख करणाऱ्याने एक अक्षर बोलायचं नाही, असा नियम आहे. मी बोललो नाही.

निकाल आल्यावर मी बुबूच्या घरी गेलो. तिने माझ्यासमोर भाताचं ताट ठेवलं.

"अरे केजो, मग तिने उत्तर दिलं की!"

"दिलं, बुबू. पण त्या बाईला दिसत नाही."

"आंधळी आहे?"

"तसंच समज."

"मग आधी सांगायचं ना! आंधळ्या बाईला परीक्षा घ्यायला बसवलंय आणि शाळेतलं कोणी पोरांना सांगत नाही. तुझ्या पदवीला आग लाव."

"बुबू, ती बाई नाहीये," नेमोन म्हणाली. "यंत्र आहे ते."

"गप. मोठ्यांना असं म्हणू नये." मग बुबू विचार करून म्हणाली, "आंधळ्याशी बोलायची सवय हवी हिला. रविवारी जोरकानकडे बसव."

जिमा म्हणजे आजोबा. जिमा जोरकान आमच्या चर्चमधले सगळ्यांत म्हातारे. साखरेने डोळे घेतले तेव्हापासून ते खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. मी ते बुबूच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "इंग्रजी पोरीला येतं. तोंड उघडायला येत नाही."

पहिल्या रविवारी मीच नेमोनला घेऊन गेलो.

"भात खाल्लास का गं?" जिमांनी विचारलं.

शांतता.

"केजो, पोर आणलीयस की नुसतंच म्हणतोयस?"

"भुवया उचलल्या तिने, जिमा."

"मला काय वारा लागतो त्यांचा? बोल गं, मोठ्याने. मी आंधळा आहे, देव नाही."

"खाल्ला," नेमोन म्हणाली. आपल्याच आवाजाने दचकली.

"शाब्बास. खिडकीतून काय दिसतं?"

"पार्किंग."

"ते मलाही दिसतं. आतला समुद्र कसा आहे आज?"

आमची बेटं कड्यासारखी गोल असतात. बाहेर मोठा समुद्र, आणि कड्याच्या आत निवांत पाणी, तो आतला समुद्र. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकंही गेलं. नेमोनने माझ्याकडे पाहिलं. तिने समुद्र कधीच पाहिलेला नाही, आतलाही नाही आणि बाहेरचाही नाही. काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "शांत आहे."

"रंग?"

"निळा."

"नुसता निळा? नीट बघ."

"...मधे निळा. इकडे कडेला हिरवट. वाळूपाशी जवळजवळ पांढरा."

जिमा मागे टेकले. "हां," म्हणाले. मी बेट सोडलं तेव्हा पहिलीतही नव्हतो. तिने सांगितलेला रंग बरोबर की चूक, मला आठवेना.

मग दर रविवारी तेच. ती सांगायची, ते विचारायचे. होडीत कोण आहे? मासे किती? नीरफणस भाजतायत का कुठे? वास येतोय का? हळूहळू ती त्यांच्या अंगावर ओरडायलाही लागली. "नाही हो जिमा, ती होडी गेल्या रविवारीच परत आली! ऐकता की नाही तुम्ही?" म्हातारा खूश. घरी मात्र भुवयाच चालायच्या. बुबू तिला बजावायची, तोंडाने बोल, आणि तिने बोलू का विचारलं की स्वतः भुवया उचलायची.

हिवाळ्यात परीक्षा आली. पडद्यावरच्या बाईने सांगितलं, "तुझ्या आवडत्या जागेचं वर्णन कर."

नेमोन ताठ बसली आणि आंधळ्या माणसाला सांगावं तसं, खणखणीत आवाजात, इंग्रजीत तिने आतला समुद्र सांगायला सुरुवात केली. आजूबाजूच्या पोरांनी हेडफोन काढून ऐकलं, ते नियमात बसत नाही. हिरवं पाणी, पांढरी वाळू, परत येणारी होडी, काठावर हात डोळ्यांवर धरून उभी असलेली बाई. ही बाई मला नवीन होती. वेळ संपली, यंत्राने मधेच तोडलं. नेमोन त्याला म्हणाली, "राहिलेलं पुढच्या रविवारी."

ती पास झाली. मुख्याध्यापक मयताला आल्यासारखे अभिनंदन करून गेले. मिसेस पेटिग्रूंनी तिला मिठी मारली आणि उरलेली डोकी मोजली. बुबूने अख्ख्या गल्लीला जेवू घातलं.

आता भिंतीजवळची खुर्ची रिकामी असते. सुटलेल्या मुलांवर पुढेही लक्ष ठेवायचं, असा नियम आहे, म्हणून मी अधूनमधून समूहगानाच्या खोलीबाहेर उभा राहतो. दाराला जाड काच आहे. परवा ती तिसऱ्या रांगेत होती, मला पाहून हसली. मी खुणेने विचारलं, बरं चाललंय ना?

तिने तोंड उघडून मोठ्याने, सविस्तर उत्तर दिलं. काचेतून एक शब्दही आला नाही. भुवया जागच्या जागी होत्या.

रविवारी ती मैत्रिणींबरोबर गाण्याचा सराव करते. जिमांकडे मी जातो, कुणीतरी जायला हवं. खिडकीबाहेर पार्किंग असतं.

"पोर भेटली का शाळेत?" त्यांनी विचारलं.

"भेटली."

"काय म्हणाली?"

"पुष्कळ बोलली."

"आतल्या समुद्राचं?"

मी भुवया उचलल्या. ते तोंड माझ्याकडे करून वाट पाहत राहिले. माझ्या उशिरा लक्षात आलं.

"हो," मी मोठ्याने म्हणालो. "शांत आहे, म्हणाली."

"रंग?" जिमांनी विचारलं.