चुलीपाशी ठेवलेली लसपेटी

मित्रांनो, मी एक जुनी लसपेटी आहे. निळ्या प्लास्टिकची, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेली. लस गार राहावी म्हणून माझ्या पोटात बर्फाचे पॅक ठेवत.

पूर्वी लेकरू आजारी पडलं की आया एसटीनं गडहिंग्लजच्या दवाखान्यात धावत. मग सरकारनं ठरवलं, दवाखान्यानंच गावात जायचं. अशी मी कालिंदी नर्सबाईंच्या खांद्यावर आले. गावात पक्की इमारत एकच, जिल्हा परिषदेच्या शाळेची. तिच्या व्हरांड्यात आमचा दवाखाना भरे. आत थोरली मुलं पाढे म्हणत, बाहेर त्यांची धाकटी भावंडं रडत.

पहिल्याच खेपेला घोटाळा झाला. मला शाळेशेजारच्या आक्कांच्या घरी ठेवून बाई आयांना बोलवायला गेल्या. परतल्या तेव्हा मी चुलीला टेकलेली, बर्फ बाहेर काढलेला आणि माझ्या अंगावर घोंगडं!

"आक्का, हे काय केलंसा?"

"गार औषध टोचल्यावर पोरास्नी सर्दी न्हाय का हुणार? म्हणून ऊब दिली की!"

व्हरांड्यात बायका उसातली भांगलण, म्हणजे तण काढायचं काम, सोडून लेकरं घेऊन बसल्या होत्या. बाईंनी तीच लस टोचली असती, तरी कुणाला कळलं नसतं. त्या म्हणाल्या, "लस खराब झाली. आज टोचायची न्हाय."

"आमी रिकामटेकड्या हाय व्हय?" एकजण कडाडली. "परत बोलवू नगासा!"

परतताना बाईंना एकच काळजी होती. या बायका पुन्हा आल्या नाहीत, तर त्यांची लेकरं गोवर आणि डांग्या खोकल्याच्या तावडीत सापडणार होती.

पुढच्या खेपेला आम्ही एसटीतून उतरलो, तर थांब्यावर आक्का उभ्या. मला स्वतःच्या खांद्याला अडकवून त्या गल्लीभर ओरडत निघाल्या, "चूक माझी हुती, गं! ह्या बाईनं खराब लस टोचली न्हाय. आता चांगली घिऊन आल्याती, तर घरात का बसलायसा?"

एकेक दार उघडलं. मागं कडाडलेली बाईच लेकराला घेऊन व्हरांड्यात सगळ्यांच्या पुढं येऊन बसली.

"टोचा," ती म्हणाली. "पर हळू."

आता गावाला आरोग्य उपकेंद्र आहे, नव्या पेट्या आहेत. माझं झाकण नीट बसत नाही. बरीच वर्षं मी बाईंच्या घरी कपाटावर धूळ खात होते. गेल्या वर्षी कालिंदीबाई वारल्या. त्यांच्या लेकीनं मला पुसलं आणि शाळेत आणून ठेवलं. त्या व्हरांड्यात रडलेल्या लेकरांची मुलं आता इथं शिकतात. बहुतेक वेळ दंगाच करतात. मला तो आवडतो.

मित्रांनो, तुमच्याही गावात सिस्टर येतील. त्यांना सावलीत बसवा, पाणी द्या. आणि कधी त्यांनी "आज नाही, पुन्हा या" म्हटलं, तर हवं तर रागवा. पण पुन्हा या.