सहा वर्षं आधी

आसावरीने नोकरी सोडायचा अर्ज दिल्याचं दामोदरला शाळेच्या शिपायाकडून कळलं, तेही रोह्याच्या बाजारात, भाजीवालीसमोर.

"बाई लवकरच सोडतायत म्हणे," शिपाई म्हणाला.

"हो, ठरलंच होतं आमचं," असं म्हणून दामोदरने वेळ मारून नेली आणि कोथिंबीर न घेताच घर गाठलं.

आसावरी स्वयंपाकघरात बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती.

"खरंय?"

"खरंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही अर्ज देऊ दिला नसता."

निवृत्तीला अजून सहा वर्षं होती. अनुदानित शाळा, गणिताची शिक्षिका, ठरल्या तारखेला पगार. दामोदर स्वतः कोलाडच्या पाटबंधारे कार्यालयातून अठ्ठावन्न पुरी करून बाहेर पडला होता, आणि शेवटच्या दिवशीसुद्धा संध्याकाळपर्यंत टेबल सोडलं नव्हतं. आता त्या गोष्टीला दोन वर्षं झाली होती.

"पण कारण काय?"

"कंटाळा आला."

"कंटाळा सगळ्यांनाच येतो. म्हणून कोणी पगारावर पाणी सोडतं?"

"मी सोडलं," असं म्हणून ती पुन्हा वाल सोलू लागली.

दामोदरला हे उत्तर पटलं नाही. एवढं मोठं पाऊल नुसत्या कंटाळ्यावर कोणी उचलत नाही, याबद्दल त्याची खात्री होती. आधी त्याला वाटलं, दुखणं असेल. ती आंघोळीला गेली की तो तिची पर्स उघडून औषधाच्या गोळ्या शोधायचा. डोकेदुखीच्या गोळीशिवाय काही सापडलं नाही. मग वाटलं, शाळेत काहीतरी घडलं असेल, तक्रार वगैरे. तिच्याबरोबर शिकवणाऱ्या सुरभीला त्याने बँकेत गाठलं.

"वातावरण कसंय शाळेत?"

"चांगलंय. का हो?"

"नाही, आसावरी सोडतेय, म्हणून विचारलं."

सुरभीने पासबुक मिटलं. "आम्हाला वाटलं, तुम्हीच सोडायला लावलीत."

म्हणजे शाळेत त्याच्याविषयी बोलणं चाललं होतं. दामोदर आणखीच अस्वस्थ झाला.

नोटिशीची मुदत संपली. जानेवारीत आसावरी घरी बसेल, दोघं सकाळी निवांत चहा घेतील, असं त्याने मनाशी धरलं होतं. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "पेणला जाऊन येते. नम्रताकडे." नम्रता तिची कॉलेजातली मैत्रीण. दुसऱ्या दिवशीही ती गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. मग रोजच सकाळच्या गाडीने जायची, डबा घेऊन, आणि संध्याकाळी परतायची. विचारलं की म्हणायची, "बरं वाटतं मला तिथे."

दामोदर बघत होता. मैत्रिणीकडे जाणारी बाई चांगली साडी नेसते. ही सगळ्यात जुनी, विटलेली साडी काढायची. परत आली की कोणाशी न बोलता थेट न्हाणीघरात. एकदा तिच्या कोपराजवळ पांढरी भुकटी दिसली. "काय गं ते?" तिने हात मागे घेतला. "भिंतीला लागला असेल."

मग एकदा ती न्हाणीघरात असताना तिचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं, सुजय पेण. दामोदरने उचलला.

"ताई हायत का?" पुरुषाचा आवाज होता. तरुण.

"कोण बोलतंय?"

"नाय, नंतर करतो." फोन बंद झाला.

ती बाहेर आली तेव्हा दामोदरने फोन जागेवर ठेवला होता.  दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर त्याने नम्रताला फोन लावला. हवापाण्याचं बोलून सहज विचारल्यासारखं विचारलं, "आसावरी पोचली का?"

"आसावरी? ती दिवाळीनंतर फिरकलेलीच नाही हो इकडे. बरी आहे ना?"

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. साठीला आलेल्या माणसाने असले विचार करावेत याची त्याला लाज वाटत होती, पण विचार थांबत नव्हते. चांगली नोकरी आपल्याला न विचारता सोडते. खोटं सांगते. जुनी साडी नेसते म्हणजे कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. आणि तो सुजय.

सोमवारी तो तिच्या मागोमाग स्टेशनवर गेला आणि शेवटच्या डब्यात चढला. नागोठणं गेलं, कासू गेलं. पेणला ती उतरली आणि रिक्षात बसली. दामोदरने दुसरी रिक्षा धरली.

"कुठे?"

"पुढच्या रिक्षामागे."

रिक्षावाल्याने आरशातून त्याला न्याहाळलं. "घरची भानगड हाय का काका?"

दामोदरने खिशातून सुटे पैसे काढून हातात धरले.

गावाबाहेर एका पत्र्याच्या शेडसमोर तिची रिक्षा थांबली. पेणमध्ये अशा शेड जिकडेतिकडे; गणपतीचे कारखाने. ती आत गेली. दामोदर थोडा वेळ रस्त्यापलीकडे उभा राहिला, मग शेडच्या कडेने जाऊन लटकणाऱ्या प्लास्टिकच्या कागदाआडून त्याने आत डोकावलं.

साच्यातून काढलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा होत्या. मध्ये गोणपाटावर पाच-सहा बायका बसल्या होत्या, नाकातोंडाला फडकी बांधून. त्यांत आसावरी होती. मांडीत गणपती घेऊन ती सोंडेवरचा सांध्याचा कंगोरा काचपेपरने घासत होती. शेजारची बाई काहीतरी म्हणाली आणि आसावरी फडक्याआड इतकी हसली की तिचे खांदे हलले.

 दामोदरला पहिल्यांदा वाटलं ते सुख होतं. दुसरं काही नव्हतं, कोणी नव्हतं. पण ते सुख फार टिकलं नाही. गणिताच्या बाई मजुरांच्या रांगेत बसून गणपती घासतायत! दुसरं काही निघालं असतं, तर लोकांनी तिला बोल लावला असता. हे कळलं तर म्हणतील, पेन्शनवाल्या नवऱ्याने बायकोला रोजावर धाडलं.

"काय पायजे भाऊ?" हसवणाऱ्या त्या बाईने त्याला पाहिलं होतं. तिचं नाव मालू.

आसावरीने मान वर केली. ती दचकली नाही. मालूला म्हणाली, "आमचे हे आहेत." मग त्याला म्हणाली, "पाच वाजता सुटते मी. थांबायचं असेल तर बाहेर बाकडं आहे."

कारखान्याचा मालक, विशीतला पोरगा, धावत आला. "काका, मी सुजय. त्या दिवशी फोन तुम्ही उचललात व्हय? ताईंनी सांगितलेलं, घरच्यांशी बोलू नको म्हणून." त्याने चहा मागवला. दामोदरने तो घेतला नाही, पण बाकड्यावर मात्र बसून राहिला.

परतीच्या गाडीत दोघं खिडकीशी समोरासमोर बसली.

"रोजावर?" त्याने विचारलं.

"मालूला मिळतो तेवढाच रोज."

"पैशासाठी करतेस?"

"पैशासाठी करायचं तर शाळा काय वाईट होती? तीस वर्षं बोलतेय हो मी. वर्गात बोलायचं, पालकांशी बोलायचं, घरी येऊन उद्या काय बोलायचं त्याची तयारी करायची. इथे मूर्तीचा एक हात घासायचा. गुळगुळीत झाला की झाला. तोच हात उद्या पुन्हा शंका घेऊन माझ्यापुढे उभा राहत नाही."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर लोक काय म्हणतील, हेच म्हणाला असतात."

दामोदर आता नेमकं तेच म्हणणार होता.

"मी कुठे जाते असं वाटलं तुम्हाला?"

"आजारी असशील असं वाटलं."

"आणि मग?"

तो खिशात तिकीट चाचपू लागला. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग उठली आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला, बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली. रोह्याला दोघं वेगवेगळ्या दारांनी उतरली.

पुढचे काही दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं. ती पेणला जात राहिली. पुण्याहून अद्वयचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला तेव्हा दामोदर म्हणाला, "आई पेणला क्लास घेते." आसावरीने स्वयंपाकघरातून येऊन त्याच्या हातातून फोन घेतला.

"अद्वय, मी गणपतीच्या कारखान्यात घासकाम करते. क्लासबिस काही नाही."

 फोनमधला अद्वयचा आवाज बदलला. "आई, बाबा आहेत का जवळ? त्यांनी पैसे कुठे अडकवलेत का?"

शनिवारी तो आलाच. आईने दहादा सांगितलं तरी त्याचा विश्वास बसेना. रात्री जेवणं झाल्यावर त्याने बापाला समोर बसवलं. "बाबा, शेअरमध्ये घातलेत? कोणाला जामीन राहिलात? खरं सांगा, मी रागावणार नाही."

ज्या पोराची फी भरायला दामोदर उन्हातान्हात कालव्यांवर फिरला होता, ते पोर आता त्याची उलटतपासणी घेत होतं. दामोदरने कपाटातून ठेवींच्या पावत्या काढून पुढ्यात टाकल्या. अद्वयने एकेक तपासली. "एवढ्याच आहेत?" असं विचारून घेतलं. रविवारी जाताना त्याने आईला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं; दामोदरला ते ऐकू आलं नाही आणि ते काय असेल हा विचार दिवसभर त्याची पाठ सोडेना.

त्या रात्री पानावर बसल्यावर तो म्हणाला, "मी तुझ्या मागे आलो, ते चुकलं माझं."

"हो," आसावरी म्हणाली आणि तिने भात वाढला. थोड्या वेळाने म्हणाली, "अद्वय सांगत होता, बाबांवर लक्ष ठेव."

दामोदरला हसावं की चिडावं कळेना. आसावरी मात्र हसली.

श्रावणात कारखान्यात कामाची गर्दी झाली. तिला यायला उशीर व्हायला लागला, तेव्हा दामोदर तिला घ्यायला स्टेशनवर जाऊ लागला. कोणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी आपणहून गेला आणि मग जातच राहिला. तिथे एकदा त्याच्या आळीतला प्रविण भेटला.

"रोज दिसता इथे. बाई पेणला असतात काय?"

"गणपतीच्या कारखान्यात जाते. मूर्ती घासायला."

प्रविण हसला. "काय भाऊ, मस्करी करता." मग जवळ सरकून म्हणाला, "माझ्यापाशी बोला. शाळेत काही लफडं झालेलं का?"

"नाही. कंटाळा आला म्हणून सोडली."

"बरं," प्रविण म्हणाला आणि नाही सांगायचं तर नका सांगू, अशी मान हलवून निघून गेला. दामोदरला त्याचा राग आला नाही. अजूनही एखाद्या दुपारी, घरात एकटा असताना, यामागे आपल्याला न सांगितलेलं आणखी काही असेल का, असं त्याच्याही मनात येऊन जायचं.

गाडी आली. आसावरी उतरली. भुवयांत पांढरी धूळ तशीच होती.

"कोण होतं?"

"प्रविण. तू कुठे जातेस विचारत होता."

"मग?"

"खरं सांगितलं."

"पटलं त्याला?"

"नाही."

आसावरीने डब्याची पिशवी त्याच्या हातात दिली आणि दोघं रिक्षांकडे चालू लागली.