डावीकडे ओढणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी काळी मोटार आहे. माझे दिवे गोल आहेत, पाठ फुगीर आहे आणि अंगावरचा रंग असा की त्यात तोंड बघावं.

माझी उमेदीची वर्षं एका डॉक्टरांच्या दारात गेली. आडरानात, रोग्याकडे वेळेवर पोचायचं म्हणून ते माझ्या ब्रेकला फार जपत. ते वारले आणि मी वैजापूरला एका सरकीच्या गोदामामागे पडून राहिले. माझ्या गादीत कोंबड्या अंडी घालत. तिथून मला पुंजारामरावांनी उचललं. छत्रपती संभाजीनगरात, गारखेड्याला त्यांचं फरशीचं मोठं दुकान आहे. त्यांनी मला रंग दिला, गाद्या शिवल्या, बंपर चांदीसारखे केले. मी पुन्हा जन्माला आले, असंच मला वाटलं.

त्यांच्या पत्नी आशाबाई. माहेरी त्यांनी ट्रॅक्टर चालवला होता. लग्नानंतर मात्र स्टिअरिंग कधी हाती आलं नव्हतं. मी आल्यावर त्या रोज सकाळी मला बाहेर काढू लागल्या. त्यांचा हात हलका होता, नजर पक्की होती. पण ब्रेक दाबला की मी डावीकडे जाई.

“अहो, गाडी डावीकडं ओढायली,” त्या एकदा म्हणाल्या.

“गाडी नाय ओढत, तुझा हात ओढतोय,” पुंजारामराव पाहुण्यांदेखत हसले. “ट्रॅक्टर व्हय का हा, ढेकळातून घालायला?”

पाहुणेही हसले. पुढे घरात ती थट्टाच होऊन बसली. पदर ढळला तरी डावीकडे, भाजी करपली तरी डावीकडे. आशाबाई हळूहळू स्वतःवरच संशय घेऊ लागल्या. “चुकलं माझं,” एवढंच म्हणू लागल्या. मला ओरडून सांगावंसं वाटे. पण मित्रांनो, दुसऱ्यानं हॉर्न दाबल्याशिवाय आम्हाला आवाज नसतो.

एके दिवशी पुंजारामराव मला रोशन गेटजवळच्या करीमभाईंच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. करीमभाईंनी डावं चाक उघडलं.

“साहेब, हा रबरी पाइप आतून फुगलाय. ब्रेक दाबला की तेल चाकाकडं जातं, पण वापस येत नाय. म्हणून चाक धरून बसतंय. स्टिअरिंगबी दोन बोटं रिकामंच फिरतंय. उतारावर चाक तापलं तर ब्रेक लागायचा नाय. गाडी इथंच ठेवा.”

“रविवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक हाय. नंतर बघू,” पुंजारामराव म्हणाले. मग आवाज खाली आणून, “आन् हे घरी बोलू नका. बाई उगं डोक्यावर बसंल.”

त्यांनी मला तसंच घरी आणलं.

रविवारी आशाबाईंना पैठणी नेसवून त्यांनी माझ्या स्टिअरिंगवर बसवलं.

“मला नको. चुकंल माझं,” त्या काकुळतीला आल्या.

“बस गप. फोटो लई झकास येतील.” पुंजारामराव स्वतः मात्र पुढच्या उघड्या जीपमध्ये जाऊन बसले.

मिरवणूक उताराला लागली. माझं डावं चाक तापलं, करपल्याचा वास सुटला. आशाबाईंनी ब्रेक दाबला. मी थांबले नाही, डावीकडे वळले. तिथं शाळेची लेकरं झेंडे घेऊन ओळीनं उभी होती. आशाबाईंनी सारं अंग टाकून स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. ते आधी रिकामंच फिरलं, मग एकदाचं लागलं, आणि मी दुभाजकावरच्या कडुलिंबावर आदळले. लेकरं वाचली. आशाबाईंचं मनगट मोडलं.

पुंजारामराव धावत आले. त्यांचा हात पहिल्यांदा बंपरला लागला.

“बंपर गेला की!” मग ते गर्दीकडे वळून म्हणाले, “बाईच्या हातात गाडी द्यायची नसती, ते हे असं.”

करीमभाई गर्दीतून पुढे झाले. “साहेब, दोष गाडीत हाय. मी तुम्हाला दाखवला होता.”

आशाबाईंनी मान वर केली. “तुम्हाला ठावं होतं?”

“लोकं बघायलेत. गप बस.”

त्यांनी पैठणीचा पदर मनगटाला गुंडाळला आणि त्या एकट्याच रिक्षात जाऊन बसल्या. त्यानंतर “चुकलं माझं” हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत.

माझा बंपर सरळ झाला. पाइप तोच राहिला. मग पुंजारामरावांनी मला विकून टाकलं. आज सकाळी नवे मालक, फुलंब्रीचे शिवम, मला न्यायला आले. सोबत बायको आणि लहानगी संस्कृती. प्लास्टरमधला हात सावरत आशाबाई बाहेर आल्या.

“भाऊ, नेण्याआधी डाव्या चाकाचा ब्रेक बघून घ्या. वाटंत चौक्याचा घाट हाय.”

“हिनंच ठोकली, आता गाडीला नावं ठेवायली,” पुंजारामराव म्हणाले.

शिवम हसले. “ताई, मी लहानपणापास्नं गाड्या चालवतो.”

“पोरीला तरी बसनं न्या,” आशाबाईंनी विनवलं. यावर तर सगळेच हसले. आशाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कुणी पाहिलं नाही.

मित्रांनो, यंत्राला रंगाआधी काळजी लागते. आणि गाडी ओढते असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याला हसण्याआधी चाक उघडून बघा.

आता हर्सूल मागे पडलं आहे. मागच्या गादीवर संस्कृती गाणं म्हणते आहे. डावं चाक तापू लागलं आहे, आणि पुढे घाट आहे.

मला कुणीतरी थांबवा.